दोन तलवारी आणि हरवलेलं म्यान

प्रिय पोरी,

तुझी यादी पोचली, ‘सर गवेन अँड द ग्रीन नाइट’ ही जुनी इंग्रजी कविता आणि तिच्यावरचा सिनेमा यांतल्या फरकांची. एकतीस फरक, वहीच्या पानावर मधोमध रेघ मारून, डावीकडे ‘मूळ’ आणि उजवीकडे ‘सिनेमा’. खाली लाल शाईत निकाल: दिग्दर्शकानं कथेची वाट लावली. मेहनत दिसते. कविता तू खरंच वाचलीस, नुसता सारांश वाचून थांबली नाहीस, याचं कौतुक आधी करून टाकते, कारण पुढे जरा भांडणार आहे.

पहिल्यांदा त्यातली एक चूक. बावीस नंबरला लिहिलंयस, ‘बोलणारा कोल्हा कवितेत नाही.’ बोलणारा नाही हे खरं. पण कोल्हा आहे. आठव, आर्थर राजाच्या दरबारातला गवेन पैजेत हिरव्या नाइटचं (नाइट म्हणजे सन्मानाची पदवी मिळालेला योद्धा) डोकं उडवतो, तो ते उचलून निघून जातो, आणि वर्षानं उलटा घाव सोसायला गवेन त्याच्याकडे निघतो. वाटेत तो ज्या गढीत पाहुणा म्हणून उतरतो तिथला मालक तीन दिवस शिकारीला जातो. पहिल्या दिवशी हरणं, दुसऱ्या दिवशी रानडुक्कर, तिसऱ्या दिवशी कोल्हा. दोघांत ठरलेलं असतं की मालकानं रानात जे मिळवलं ते पाहुण्याला द्यायचं आणि पाहुण्यानं घरात जे मिळवलं ते मालकाला. घरात काय मिळतं? मालकीणबाई सकाळी गवेनच्या पलंगाशी येऊन बसते आणि चुंबन देऊन जाते. पहिल्या दिवशी एक, मग दोन, मग तीन. संध्याकाळी गवेन तेवढीच चुंबनं मालकाला चोख परत करतो. तिसऱ्या दिवशी मात्र ती त्याला जीव वाचवणारा हिरवा पट्टा देते, आणि चुंबनांचा हिशेब पुरा करणारा हा माणूस पट्टा तेवढा लपवतो. त्याच दिवशी तिकडे रानात कोल्हा हुलकावण्या देत पळत असतो. कवी एकदा रान दाखवतो, मग खोली, मग पुन्हा रान. चौदाव्या शतकाच्या शेवटी कुणीतरी एडिटिंग टेबलावर बसून हे जोडलंय असं वाटतं.

डेव्हिड लोअरीनं २०२१ च्या ‘द ग्रीन नाइट’मध्ये ही जोडणी सोडून दिली. पण कोल्ह्याला त्यानं टाकलं नाही, गवेनच्या सोबतीला दिलं. कवितेत जो प्राणी गवेनच्या लबाडीची सावली होता, तोच सिनेमात शेवटी तोंड उघडून ‘परत फिर’ म्हणतो. म्हणजे तुझ्या बावीस नंबरच्या रकान्यात ‘नाही’ऐवजी ‘जागा बदलली’ असं यायला हवं होतं. जागा का बदलली, हे मात्र यादीच्या दोन रकान्यांत मावत नाही.

आता पट्टा. तुझ्या यादीत तो सतरावा आहे; मी असते तर पहिला घेतला असता आणि बाकीची यादी केलीच नसती. कवितेत हिरवा नाइट कुऱ्हाड तीनदा उगारतो. पहिल्या वेळी गवेन खांदे आकसतो. दुसऱ्या वेळी नाइट नुसती हूल देतो. तिसऱ्या वेळी मानेवर एक ओरखडा निघतो, तो पट्टा लपवल्याबद्दल, कारण गढीचा मालक तोच असतो. नाइट हसतो, तू चांगलाच माणूस आहेस म्हणतो. गवेनला ते सहन होत नाही. तो पट्टा आपल्या लाजेची खूण म्हणून अंगावर बांधतो, तसाच कॅमलॉटला, आर्थरच्या दरबारात, परत जातो, सगळ्यांसमोर कबुली देतो. आणि दरबार काय करतो? हसतो. हसतो आणि ठरवतो की आपणही सगळ्यांनी असाच हिरवा पट्टा बांधायचा. आता ते हसणं मायेचं की बेफिकिरीचं, यावर अभ्यासक अजून भांडतात. मला विचारशील तर त्या दरबाराला गवेनचं काही कळलेलंच नाही, पण हे मी साठीनंतर म्हणतेय. तिशीत मला ते हसणं फार उदार वाटायचं.

सिनेमात पट्टा आई सुरुवातीलाच बांधून देते. तो वाटेत लुटला जातो. गढीत पुन्हा मिळतो, आणि कसा मिळतो ते तू पाहिलंयस, त्याबद्दल पत्रात लिहीत नाही. शेवटी कुऱ्हाडीखाली बसलेल्या गवेनला पळून जाऊन जगलेलं आपलं अख्खं आयुष्य दिसतं, आणि मग तो स्वतःच्या हातानं पट्टा सोडतो. कवितेत चूक झाल्यानंतर पट्टा अंगावर राहतो, सिनेमात पट्टा उतरला की गोष्ट संपते. कवितेतला गवेन आपली चूक घेऊन घरी जातो. सिनेमातला घरी पोचतो की नाही तेही कुणी सांगत नाही. चुकीसह जगायचं कसं हा एकाचा प्रश्न, मरायला तयार व्हायचं कसं हा दुसऱ्याचा. तुझ्या यादीतले बाकीचे बहुतेक फरक या एका फरकाच्या पोटात आहेत. सिनेमातला गवेन अजून नाइट झालेला नाही हाही त्यातलाच. ज्याला सन्मान अजून मिळालेलाच नाही, तो लाजेनं पट्टा मिरवणार कशाला?

माझं सांगणं एवढंच आहे, एक वस्तू धर. पट्टा, तलवार, ताट, पेटी, काहीही. ती आधीच्या गोष्टीत कुणाच्या हातात होती आणि कशासाठी, पडद्यावर कुणाच्या हातात गेली आणि कशासाठी, एवढं बघत राहा. सिनेमा वस्तूंचं माध्यम आहे. मनातलं त्याला दाखवता येत नाही, कमरेचं दाखवता येतं.

‘मूळ’ या शब्दाशीही मला भांडायचंय. गवेनच्या कवितेपुरता तो शब्द चालेल, कारण तिची एकच हस्तलिखित प्रत जगात आहे. तीसुद्धा थोडक्यात बचावली. १७३१ मध्ये रॉबर्ट कॉटन या संग्राहकाच्या ग्रंथसंग्रहाला आग लागली, त्यातून ती बाहेर आली. आज ब्रिटिश लायब्ररीत आहे. तिचा क्रमांक ‘कॉटन नीरो ए दहा’. कॉटनच्या कपाटांवर रोमन सम्राटांचे अर्धपुतळे होते, तेव्हा नीरोखालच्या कपाटात, वरच्या फळीवर, दहावी. असा पत्ता असलेलं पुस्तक मला फार आवडतं. कवितेला २५३० ओळी आहेत, कवीचं नाव कुणालाच माहीत नाही, आणि ती छापली गेली थेट १८३९ साली.

पण आर्थरचं मूळ कुठलं धरशील? बाराव्या शतकात, ११३६ च्या सुमारास, जेफ्री ऑफ मॉनमथनं लॅटिनमध्ये आर्थरची हकीकत लिहिली. त्यात आर्थरच्या नाइटांचं गोलमेज नाही. ते ११५५ साली वेस नावाच्या कवीनं फ्रेंचमध्ये आणलं. लॅन्सलॉटही जेफ्रीत नाही; राणीवर प्रेम करणारा लॅन्सलॉट रंगवला तो आणखी काही वर्षांनी क्रेतियां द त्र्वा या फ्रेंच कवीनं. म्हणजे ज्या दोन गोष्टींशिवाय तू आर्थरचा सिनेमा चालवून घेणार नाहीस, त्या दोन्ही मागाहून आलेल्या पाहुण्या आहेत. सिनेमावाले त्याच रांगेत शेवटी उभे आहेत. रांगेत उभं राहिलं म्हणून कुणी चांगला कथेकरी होत नाही, हेही खरं. वाईट सिनेमे भरपूर आहेत. फक्त ते वाईट का, याचं कारण ‘पुस्तकात असं नाही’ हे नसतं.

हे तपासायला जॉन बूरमनचा १९८१ चा ‘एक्सकॅलिबर’ घे. त्याचा आधार टॉमस मॅलरी हा पंधराव्या शतकातला इंग्रज लेखक, ज्याचं आर्थरवरचं पुस्तक विल्यम कॅक्स्टननं १४८५ मध्ये छापलं. मॅलरीत आर्थरकडे दोन तलवारी आहेत. दगडातून उपसलेली एक; ती लढाईत मोडते. मग तळ्यातून वर आलेल्या हातातून मिळते ती दुसरी. बूरमननं दोन्ही मिळून एक केली. दगडातलीही तीच, तळ्यातलीही तीच. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत म्हणतात, पण याच्या राहिल्या. का राहिल्या बघ. मॅलरीत तलवार मोडते ती मोडतेच, दुसरी मिळते, गोष्ट पुढे जाते. सिनेमात आर्थर लॅन्सलॉटशी निव्वळ अहंकारापायी लढतो, हरायला लागल्यावर तलवारीची शक्ती पणाला लावतो आणि ती मोडते. आता ती त्याच्यामुळे मोडली. तळ्यातून तीच तलवार जोडून परत येते तेव्हा ते बक्षीस राहत नाही, क्षमा होते. दोन तलवारींची एक केल्यामुळे राजाला शरम वाटायला जागा मिळाली. हा बदल मला मॅलरीपेक्षा सरस वाटतो. त्यावर तू भांडू शकतेस.

पण त्या व्यवहारात एक वस्तू गेली ती गेलीच. मॅलरीत मर्लिन हा जादूगार आर्थरला विचारतो, तुला तलवार जास्त आवडली की म्यान? आर्थर म्हणतो, तलवार. मर्लिन म्हणतो, वेड्या, म्यान दहा तलवारींच्या मोलाचं आहे, ते जवळ असेपर्यंत जखमेतून रक्त जाणार नाही. पुढे आर्थरची बहीण मॉर्गन ते म्यान पळवते आणि पाण्यात फेकून देते. तरुण राजाला धार दिसते, म्यान दिसत नाही; एवढी चांगली गोष्ट बूरमनला घेता आली नाही. एकाच तलवारीची कथा झाल्यावर म्यानाला बोलायला जागाच उरली नाही. दोन्ही बाजू अशा मांडल्यास तर तुझी यादी मी फ्रेम करून लावीन.

आणि हो, त्या चिलखतांवरून व्हिडिओ करणाऱ्यांना फार मनावर घेऊ नकोस. बूरमनच्या नाइटांचं चकचकीत पत्र्याचं चिलखत मॅलरीच्या काळाच्या जवळचं आहे. आर्थर म्हणून कुणी असलाच तर तो त्याच्या जवळपास हजार वर्षं आधी होऊन गेला. बरोबर आहे, शतक चुकलंय. पण मॅलरीच्या वाचकांनीही आर्थरला आपल्याच काळाच्या कपड्यांत पाहिलं असणार. रविवर्म्याच्या चित्रात पुराणातल्या बायका नऊवारी नेसून बसतात तेव्हा आपण शतक विचारतो का?

आता माझ्या जुन्या प्रेमाकडे येते. जर्मन शिकवण्यात माझं आयुष्य गेलं, त्यामुळे फ्रिट्झ लांगचा जर्मन वीरकथेवरचा १९२४ चा ‘डी निबेलुंगेन’ मी किती वेळा पाहिला याची मोजदाद नाही. दोन भाग, मिळून साडेचार तासांच्या पुढे. मूकपट. तू तोंड वाकडं केलंस ते मला इथून दिसतंय.

त्यात एक पान आहे. कथेचा नायक सीगफ्रीड ड्रॅगनला मारून त्याच्या रक्तात न्हातो, अंग अभेद्य होतं, पण पाठीवर लिंडेनच्या झाडाचं एक पान पडतं आणि तेवढी जागा कोरडी राहते. तुला लगेच दुर्योधनाची मांडी आठवेल. आठवू दे, एकदा म्हणून घे आणि सोडून दे, नाहीतर पुढचं काहीच दिसणार नाही. बाराशेच्या सुमाराच्या ‘निबेलुंगेनलीड’ काव्यात ड्रॅगनची लढाई आपल्याला दाखवलेलीच नाही. सीगफ्रीड वोर्म्स नगरात येतो तेव्हा खिडकीतून त्याला पाहत हागेन, तिथल्या राजाचा सरदार आणि पुढे सीगफ्रीडचा खुनी, ती चार-दोन ओळींत सांगून टाकतो. आणि पानाचा तर तिथे उल्लेखही नाही. पान येतं खूप पुढे, सीगफ्रीडची बायको क्रीमहिल्ड हीच ते हागेनला सांगते तेव्हा. नवऱ्याला लढाईत जपावं म्हणून ती विश्वासानं त्याला मर्माची जागा सांगते, वर त्या जागेवर कपड्याला खूण शिवून द्यायचं कबूल करते. म्हणजे ऐकणाऱ्याला आणि खुन्याला ही गोष्ट एकाच क्षणी कळते, आणि तीही बायकोच्या तोंडून. काव्यात ते पान म्हणजे एक बोलून गेलेलं वाक्य आहे.

लांगनं पान आपल्या डोळ्यांसमोर पाडलं. स्टुडिओत उभारलेल्या अजस्र झाडांच्या जंगलात, जिथे बाकी सगळं अवाढव्य आहे, तिथे एक एवढंसं पान खाली येतं. आता आपल्याला पहिल्या तासातच माहीत आहे. त्यामुळे पुढे क्रीमहिल्ड सुई हातात घेते तेव्हा आपण तिच्याबरोबर फसत नाही, तिला नुसतं बघत बसतो. काव्यात धक्का आहे, सिनेमात वाट पाहणं आहे. लांगला नियती दाखवायची होती, म्हणून त्यानं विश्वासघाताआधी पान पाडलं.

या वाट पाहण्याची मी स्वतः एकदा माती केली आहे. आमच्या फिल्म सोसायटीत मी हा सिनेमा मोठ्या हौसेनं लावला, वीस मिनिटं प्रास्ताविक केलं, आणि प्रोजेक्टरचा गतीचा खटका मूकपटाच्या गतीवर सरकवायला विसरले. बोलपटाच्या चोवीस फ्रेमच्या गतीवर सगळा दरबार लगबगीनं चालायला लागला. सीगफ्रीडचं प्रेत खांद्यावरून आणलं तेसुद्धा घाईघाईत. मागच्या खुर्च्यांवरची मुलं हसली, आणि माझी शहाणी मैत्रीण, म्हणजे तुझी आई, सगळ्यात मोठ्यानं. मी हॉलमध्ये ‘हसू नका’ म्हणून ओरडले, खटका मात्र रीळ बदलताना सापडला. तेव्हापासून तुमची पिढी सिनेमा दीडपट वेगानं बघते असं ऐकलं की माझ्या पोटात तो खटका हलतो. या गोष्टी दीडपट वेगात बघू नकोस. कंटाळा आला तर बंद कर, उद्या बघ.

त्या सिनेमाचं पुढे काय झालं हेही माहीत असू दे. त्याच्या सुरुवातीला अर्पणपत्रिका आहे, जर्मन जनतेला. १९३३ मध्ये नाझी सत्तेवर आले आणि त्याचा पहिला भाग वाग्नरचं संगीत घालून बोलपटासारखा पुन्हा बाजारात आला. पहिला भाग, ज्यात सोनेरी केसांचा वीर पाठीत भाला खाऊन मरतो. दुसऱ्या भागात सूडापायी सगळं घराणं जळून खाक होतं. नाझींना पाठीतला भाला कामाचा होता, राख नव्हती. वीरकथेचा अर्धाच भाग कुणी दाखवायला लागलं की सावध व्हायला मी इथे शिकले.

पटकथा लिहिली होती लांगच्या बायकोनं, थेआ फॉन हार्बूनं. दोघांचा घटस्फोट १९३३ चाच. लांग जर्मनी सोडून गेला, ती राहिली. आणि तिनं पुढे गुपचूप लग्न केलं ते बेळगावजवळच्या बेळगुंदीहून बर्लिनला गेलेल्या आयी गणपत तेंडुलकर या पत्रकाराशी. सीगफ्रीडचं पान ज्या हातानं लिहिलं, त्या बाईच्या घरात मराठी बोलणारा माणूस वावरत होता. याचा सिनेमाशी काही संबंध नाही, सिनेमा आधीचा आहे. पण मला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

सिड या स्पॅनिश वीरावरचा ‘एल सिड’ बघितलास का? १९६१ चा, अँथनी मानचा, चार्लटन हेस्टन आणि सोफिया लॉरेन. भव्य आहे, मोठ्या पडद्यावर बघायचा. शेवटी मेलेल्या सिडला घोड्यावर बांधून वॅलेन्सियाच्या वेशीतून बाहेर काढतात आणि शत्रू पळतो. सिड १०९९ मध्ये वॅलेन्सियात वारला एवढं खरं. मेल्यावरची ही स्वारी नंतरच्या दंतकथेतली, जुन्या स्पॅनिश काव्यातही ती नाही. पण मी तुला त्या घोड्याकडे बघायला सांगणार नाही. दोन पेट्या शोध. काव्यात हद्दपार झालेल्या सिडकडे पैसे नसतात. तो दोन पेट्या वाळूनं भरतो, वरून सोनं असल्याचं भासवतो आणि सावकारांकडे गहाण ठेवून रक्कम उचलतो. बुर्गोसच्या कॅथीड्रलमध्ये आजही एक जुनी पेटी ‘सिडची पेटी’ म्हणून दाखवतात. सिनेमात ती सापडणार नाही. हेस्टनचा सिड इतका स्वच्छ आहे की त्याला उधारी लागत नाही. बाराव्या-तेराव्या शतकातल्या श्रोत्यांना वीर थोडा लबाड चालत होता, १९६१ च्या निर्मात्यांना चालला नाही. तो सिनेमा मला आवडतो, तरीही ती वाळू मला प्रत्येक वेळी आठवते.

शेवटचे दोन, फ्रेंच. एरिक रोमेरचा १९७८ चा ‘पर्सव्हाल’ बघताना पहिली दहा मिनिटं तुला वाटेल की शाळेचं गॅदरिंग चाललंय. पत्र्याची झाडं, सोनेरी रंगाचा खोलीएवढा किल्ला, पात्रं स्वतःबद्दलच ‘तो म्हणाला’ असं बोलतात. थांब. रोमेरनं क्रेतियांचं काव्य बरंचसं जसंच्या तसं, जुन्या चित्रांच्या मापात उभं केलंय. त्यातला पोरगा रानात पहिल्यांदा नाइट बघतो, त्यांना देवदूत समजतो, आणि मग विचारत सुटतो: हे हातात काय आहे? ही ढाल कशाला? हे अंगावरचं असंच जन्माला आलं का? नाइट वैतागतात. पुढे गोर्नेमां नावाचा एक जाणता गृहस्थ त्याला शस्त्रं शिकवतो आणि जाता जाता सांगतो, फार बोलू नये. पोरगा गुणी, ऐकतो. एका जखमी राजाच्या घरी जेवताना त्याच्यासमोरून रक्त ठिबकणारा भाला नेतात, मग एक ताट नेतात. क्रेतियांत ‘ग्राल’ म्हणजे ताटच आहे. त्याचा येशूच्या शेवटच्या भोजनातला पेला दुसऱ्या एका कवीनं नंतर केला. ताट कुणासाठी चाललंय, हे पोराच्या ओठांवर येतं. गुरुजींचं वाक्य आठवतं आणि तो गप्प बसतो. विचारलं असतं तर राजा बरा झाला असता, हे त्याला मागाहून कळतं. क्रेतियांचं काव्य अपुरंच राहिलं, त्यामुळे तो प्रश्न शेवटी विचारला गेला की नाही हेही माहीत नाही.

चार पानं उपदेश लिहून झाल्यावर ही गोष्ट आठवली, आता काय करू. तुझी लाल शाईची वही तेवढी फेकू नकोस.

रोबेर ब्रेसाँचा १९७४ चा ‘लान्सलो द्यू लाक’ त्याच्यानंतर बघ. ग्रालचा शोध फसलेला, नाइट थकून परतलेले, आणि चिलखतं सतत वाजतायत, तंबूत उभं राहिलं तरी. मैदानातली स्पर्धा आली की कॅमेरा चेहऱ्यांकडे जवळजवळ बघतच नाही; घोड्यांचे पाय, भाले, पडलेला माणूस, पुन्हा पाय. कोण जिंकतंय ते कानांनी समजून घ्यावं लागतं. शेवटी जंगलात चिलखतांचा ढीग उरतो. म्हणून हेडफोन लाव. लॅपटॉपच्या स्पीकरवर ते मोरीत भांडी पडल्यासारखं ऐकू येतं, आणि रात्री बघायला बसलीस तर आई ओट्यावर मांजर आलं म्हणून उठेल.

अनेक आशीर्वाद,
तुझी मावशी